पुठ्ठ्याचा बैल पुण्याला

मोहाडीच्या बाजारओळीत माझं कापडाचं दुकान आहे. लग्नसराईत आणि पोळ्याच्या आधीच्या दिवसांत तिथं चांगली गर्दी असते. एरवी मी गादीवर बसून पंख्याचा आवाज ऐकतो, कोणी आलं की चहा मागवतो. मुलगा पुण्याला नोकरीला लागला आणि तिथलाच झाला. सून साताऱ्याकडची आहे, गुणी आणि हसरी. त्यांना दोन लेकरं. नात थोरली, नातू धाकटा. ही गोष्ट सुरू झाली तेव्हा नात तिसरीत होती आणि नातू नुकताच शाळेत जायला लागला होता.

आमच्याकडे मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांचा पोळा भरतो. त्याला तान्हा पोळा म्हणतात. मोठ्या पोळ्यात खरे बैल असतात, तान्ह्या पोळ्यात लाकडी. चाकं लावलेल्या पाटावर लाकडाचा नंदी उभा असतो. त्याच्या गळ्यात माळ घालायची, शिंगांना बेगड लावायची, आणि दोरीनं ओढत त्याला गल्लीभर फिरवायचं. घरोघरच्या बाया नंदीला ओवाळतात आणि लेकरांच्या हातावर खाऊ ठेवतात. त्या खाऊला आम्ही बोजारा म्हणतो. बोजारा मागण्यात जी मजा आहे ती दुकानातून खाऊ विकत घेण्यात नाही, हे माझ्या नातवंडांना एकाच वर्षात कळलं होतं. त्या वर्षी ती पोळ्याला आली होती. नातवानं दिवसभर नंदीची दोरी सोडली नाही. जेवताना स्वतःच्या ताटातली पुरणपोळी तोडून त्यानं नंदीच्या तोंडाला लावली. ती पुरणाची चिकटी काढायला मला ओलं फडकं घेऊन बसावं लागलं.

दुसऱ्या वर्षी मात्र त्यांचं येणं जमलं नाही. शाळेत चाचण्या होत्या आणि मुलाला सुटी नव्हती. पोळ्याला पंधरवडा उरला असताना व्हिडिओ कॉल आला. थोडं इकडचं तिकडचं झाल्यावर नातू म्हणाला, "आबा, बैलाला फोन द्या."

नंदी कपाटावर कापडात गुंडाळून ठेवला होता. मी स्टुलावर चढलो, कापड काढलं आणि फोन नंदीच्या तोंडासमोर धरला. नातू बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिला.

"हा हलत का नाही?"

नात त्याच्या मागून म्हणाली, "अरे, नेटवर्क गेलंय. तो फ्रीज झालाय."

मी स्टुलावर उभा राहून इतका हसलो की आमच्या सौभाग्यवतीनं धावत येऊन स्टूल धरलं. पण नातू हसला नाही. त्यानं गंभीरपणे सांगितलं, "आबा, मग त्याला इकडं पाठवा."

मी तोंडभर "पाठवतो" म्हणून बसलो. फोन ठेवल्यावर बायको कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

"काय पाठवून राहिले तुमी?"

"नंदी."

"नंदी घरून जानार नाई. लेकरं इकडं आले पायजे, नंदी तिकडं नाई."

तिचं खरं होतं. शिवाय तो नंदी सागवानाचा आहे, माझ्या वडिलांच्या वेळचा. दोघांनी मिळून उचलावा लागतो. त्याला डब्यात बांधून पाठवायचा म्हणजे पाय तरी मोडायचा नाहीतर शिंग तरी. मी दुसऱ्या दिवशी नातीला फोन करून अडचण सांगितली. ती विचार करून म्हणाली, "आबा, मग कार्डवर बैल काढून पाठवा. आम्ही शाळेत दिवाळीचं कार्ड हातानं करतो. विकतचं आणायचं नाही, असं टीचर म्हणतात."

झालं. नातीच्या टीचरनं सांगितलं म्हणजे विषय संपला.

कापडाच्या दुकानात पुठ्ठ्याला तोटा नसतो. शर्टाच्या घडीत पुठ्ठा, साडीच्या खोक्याला पुठ्ठा, तागा गुंडाळायलाही पुठ्ठाच. मी शर्टाचा पांढरा पुठ्ठा घेतला, मधोमध दुमडला आणि पेन्सिलीनं बैल काढायला बसलो. आयुष्यभर मी मीटरनं कापड मोजलं, कधी चित्र काढलं नव्हतं. तासाभरानं बायको चहा घेऊन दुकानात आली आणि माझ्या खांद्यावरून डोकावली.

"हा कोन? कुत्रा व्हय का?"

"बैल हाय वो."

"मंग त्याले सांगा, शेपूट एवढी नोको हालवू म्हनाव."

दुसरा बैल बकरीसारखा झाला. तिसऱ्याचं तोंड आमच्या एका व्याह्यांसारखं दिसत होतं. बायको ते पाहून मोठ्यानं हसली आणि म्हणाली, हा काही पुण्याला पाठवू नका, सुनेच्या ध्यानात येईल.

पोळा जवळ आला तसे शेतकरी बैलांच्या झुलीसाठी कापड घ्यायला येऊ लागले. माझा कागद-पेन्सिलीचा पसारा गादीवरच असायचा. एक जण झुलीला लाल कापड फाडून घेत होता. त्यानं माझा बैल पाहिला आणि विचारलं, "शेटजी, याचं वशिंड पाठीच्या मंधात काहून गेलं? उंट काढून राहिले का?"

त्याच्या शेजारचा म्हणाला, "वशिंड बराबर हाय. शिंगं चुकले. शिंगं अशे वर पायजे."

"वर कायले? माह्या बैलाचे शिंगं मांगं जाते."

"तुह्या बैलाचं कार्ड काढून राहिले का ते?"

दोघांची जुंपली. तेवढ्यात तिसरा आला. तो खरं तर लेकीसाठी ड्रेसचं कापड पाहायला आला होता. पण कापड बाजूला राहिलं आणि तोही पेन्सिल हातात घेऊन बसला. त्यानं पाय दुरुस्त केले. पहिल्यानं वशिंड पुढं आणलं. शिंगांवर मात्र एकमत होईना. शेवटी मी तोड काढली की एक शिंग वर ठेवू आणि एक जरा मागं. तिघांनीही मान हलवली. असा बैल नक्की कोणत्या गोठ्यात सापडेल हे मला माहीत नाही, पण तो खरोखर बैल दिसत होता, आणि त्याच्या डोळ्यांत थोडा खट्याळपणाही उतरला होता. कोणाच्या पेन्सिलीनं, ते देव जाणे.

नुसतं चित्र मला पुरेसं वाटेना. नातवानं विचारलं होतं, हा हलत का नाही? तेव्हा बैल हलला पाहिजे. मी कार्ड अशा बेतानं कापलं की उघडताच बैल घडीतून उठून उभा राहावा. साडीचं खोकं उघडताना झाकणाची कड जशी वर येते, त्यावरूनच मला ही युक्ती सुचली. पहिले काही बैल उभे राहताराहता तोंडावर आपटले. पायांखाली पुठ्ठ्याची एक आडवी पट्टी दिली तेव्हा कुठं बैल टिकला. मग मान. मान वेगळी कापली आणि ती धडाला जोडायला काय वापरावं याचा विचार करत बसलो. टाचणीनं लेकराच्या हाताला टोचेल. दोऱ्यानं मान लोंबकळेल. बायकोनं शिवणाच्या डब्यातून ब्लाउजचं टिचबटण काढून दिलं.

"हे लावून पाहा."

टिचबटणाचा एक भाग मानेला, दुसरा धडाला. टक्कन बसलं. मानेला मागून दोरा बांधला, तो कार्डाच्या बाहेर काढला आणि ओढला. बैलानं मान हलवली. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहतच राहिलो. मग तिनं ओढला. मग मी. मग पुन्हा तिनं.

माझी बायको विणकराच्या घरची. माहेरी हातमाग होते. लग्नाआधी ती वडिलांच्या मागावर बसायची, आणि रंगाच्या बाबतीत आजही माझं काही चालू देत नाही. झूल तिनं केली. तिच्या एका विरलेल्या लुगड्याचा काठ तिनं जपून ठेवला होता. त्यातला वीतभर तुकडा कापला आणि कडेचे धागे उसवून त्याची झालर केली. शेपटीला काळे धागे वळले, टोकाला गोंडा. मी हिरव्या झुलीवर निळं बेगड चिकटवायला निघालो तर तिनं माझा हात धरला.

"हिरव्यावर निळं दिसनार नाई. पिवळं घ्या."

चिकटवायला तिनं तांदळाची खळ शिजवली. विकतच्या डिंकानं कापड कडक होतं, खळीनं मऊ राहतं, म्हणाली. दोन्ही लेकरांना एकेक बैल केला. नातीचा पांढरा, नातवाचा तांबडा. कार्डाच्या आत मी लिहिलं, "दोरी हळू ओढावी. बैलाची मान दुखते."

पोस्टात खिडकीवरच्या बाईनं विचारलं, आत काय आहे? मी सांगितलं, बैल आहेत. तिनं चष्मा वर केला. मग पाकीट उघडून दाखवावं लागलं. तिनं दोरी ओढली आणि हसून शेजारच्याला हाक मारली. माझ्या मागं उभा असलेला माणूस म्हणाला, "आमचं काम होऊ द्या," पण त्यालाही एकदा दोरी ओढायची होती. जाड पुठ्ठ्यात बांधून, वर "दुमडू नये" असं लिहून बैल रवाना झाले.

पुढचे दिवस आम्ही दोघं फोनकडे डोळे लावून होतो. मोठा पोळा झाला. तान्हा पोळा उजाडला. दारात पळसाच्या फांद्या होत्या, पाऊस थांबला होता, गल्लीत सकाळपासून लाकडी चाकांची खडखड सुरू होती. शेजारच्या लेकरांचे बैल आमच्या दाराशी आले. बायकोनं ओवाळलं, मुरमुऱ्याचे लाडू वाटले. मी मात्र मुलाला फोन लावला.

"आलं का रे पाकीट?"

"नाही बाबा, नाही आलं."

मागून नातवाचा आवाज आला, "बैल वाटेत चरायला थांबला का?"

मी म्हटलं, "हो राजा, थांबला असन." फोन ठेवला आणि दुकानात जाऊन बसलो. इतका वेळ, इतकी माणसं, तिघांच्या पेन्सिली, लुगड्याचा काठ, आणि तान्हा पोळा तर आज. मुलगा मागंच म्हणाला होता, बाबा, कशाला त्रास घेता, इथं सगळं मिळतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की त्याचंच बरोबर असावं.

तिसऱ्या दिवशी सुनेचा फोन आला. ती हसत होती आणि हसता हसता माफी मागत होती. पाकीट पोळ्याच्या आधीच पोचलं होतं. त्यांच्या इमारतीच्या फाटकावर चौकीदाराच्या खोलीत पार्सलांचा ढीग असतो. आमचं पाकीट चपटं, ते मोठ्या खोक्यांखाली दबलं होतं.

"बाबा, बैलांना काही झालं नाही. पण गंमत ऐका. मी मुलांना म्हटलं, पोळा तर होऊन गेला. तर तुमची नात म्हणते, इथं कोणाला माहीत आहे? आपण आज सांगू, आजच पोळा."

आणि खरंच, दोघं भावंडं कार्डं उघडून, बैल उभे करून, एका ट्रेवर ठेवून निघाली. सून मागं मोबाइल घेऊन. दारामागून दार. नात घंटी वाजवायची, नातू दोरी ओढायचा, बैल मान हलवायचा, आणि दोघं एका सुरात म्हणायची, "आज तान्हा पोळा आहे, बोजारा द्या!" एका दारात दक्षिणेकडच्या एक बाई होत्या. त्यांनी बैलाला हात जोडले आणि केळी दिली. दुसऱ्या दारात चॉकलेटं मिळाली. कोणी म्हणालं, आमच्याकडे बेंदूर असतो, तो आषाढात होतो. सूनही म्हणाली, आमच्याकडेही बेंदूरच. पण बोजारा म्हणजे काय हे कोणालाच कळत नव्हतं, आणि नात प्रत्येक दारात न थकता समजावून सांगत होती.

शेवटच्या मजल्यावर एका दारात एक म्हातारे गृहस्थ उभे होते. ते लेकीकडे राहतात. मुलांनी त्यांना फक्त खाली बाकावर एकटं बसलेलं पाहिलं होतं. नातीनं आपलं वाक्य म्हटलं. सुनेनं काढलेला तो व्हिडिओ मी नंतर पाहिला. म्हातारेबुवा नुसते उभे आहेत. मग आत जातात. मुलांना वाटतं, रागावले बहुतेक. सून मुलांना "चला" म्हणतेय तेवढ्यात ते परत येतात, एका हातात निरांजन, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. बैलाचे पाय धुवायला. ते तांब्या तिरपा करतात आणि नात ओरडते, "आजोबा, पाणी नको! तो पुठ्ठ्याचा आहे!"

मग ते हसतात. व्हिडिओत त्यांचे खांदे हलताना दिसतात, आणि हसतात की आणखी काही, ते नीट कळत नाही.

त्याच संध्याकाळी मला अनोळखी नंबरवरून फोन आला.

"कोन्त्या गावचे गा तुमी?"

पुण्याच्या नंबरावरून असा प्रश्न येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"मोहाडीचा. तुमी?"

"मी पवनीकडचा. तुमच्या सुनेपासून नंबर घेतला."

पवनी म्हणजे आमच्याच जिल्ह्यातलं गाव. मग ते म्हणाले, "तुमच्या नातीनं बोजारा म्हटलं ना भाऊ, मले वाटलं मी माह्या आंगनात उभा हाओ. इथं येऊन चार वर्सं झाले. बुढी गेली आन् लेकीनं आनलं. लेक चांगली हाय, जावाई चांगला हाय. पन माहं बोलनं इथं कोनाले समजत नाई. मी म्हनतो 'मले', त लोक म्हनते 'काय?' आता मी बी बोलनं कमीच केलं."

मी विचारलं, "बैल होते का घरी?"

एवढा एक प्रश्न पुरला. त्यांनी मला त्यांच्या जोडीची हकिगत सांगितली, मग रोवणीची, म्हणजे भाताच्या लावणीची, मग यंदा तलाव भरले का याची चौकशी केली. धान कसं आहे, मोहाडीचा बाजार अजून तिथंच भरतो का, बायको बरी आहे का, सगळं विचारलं. चहा निवून गेला. बायको दोनदा येऊन खुणेनं विचारून गेली, कोण आहे? मी फोनवर हात ठेवून म्हटलं, "आपलाच मानूस हाय."

त्यानंतर आमचे फोन सुरूच राहिले. माझ्या नातवंडांनाही तिथं एक आजोबा मिळाले. संध्याकाळी ती खाली खेळायला गेली की ते बाकावर बसून त्यांना गोष्टी सांगत, आणि त्याही आमच्या बोलीत. काही महिन्यांनी नातू फोनवर मला म्हणाला, "आबा, काय करून राहिले?" माझ्या हातातून कात्री पडायची बाकी होती.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या महिनाभर आधीच नातीचा हुकूम आला. इमारतीतल्या सगळ्या मुलांना बैल पाहिजेत. सगळ्या म्हणजे किती, विचारलं तर म्हणाली, "खूप. पण बैलांवर नावं नको लिहा, बैल अदलाबदल झाले तर भांडतील." मी नावं लिहिली नाहीत.

त्या वर्षी दुकानाचा गोठा झाला. फळीवर साड्या आणि साड्यांखाली बैल. बायको झुली कापून मला देई, मी टिचबटणं लावी. झूल घ्यायला आलेले शेतकरी आता हक्कानं गादीवर बसत आणि विचारत, आज कितवा? कोणी घरचं उरलेलं बेगड आणून दिलं. शिंगं वर असावीत म्हणणारं गिऱ्हाईक पुन्हा आलं. या खेपेला त्याची वेगळीच मागणी होती.

"शेटजी, एक बैल माह्या बैलासारखा करा. कपाळावर पांढरा चांद हाय त्याच्या. तो कधी तालुक्याबाहेर गेला नाई. पुनं पाहू द्या त्याले."

मी केला. कपाळावर शर्टाच्या पुठ्ठ्याचा पांढरा चांद. त्यानं तो हातात घेऊन फिरवून पाहिला, दोरी ओढली आणि म्हणाला, "मान अशीच हालवते. आडमुठा हाय."

या वेळी आम्ही पाकीट पोस्टानं पाठवलं नाही. बायको म्हणाली, इतके बैल आपणच हाकत नेऊ. वरठीहून नागपूर आणि नागपूरहून रात्रीची गाडी, असे आम्ही दोघं साडीच्या खोक्यांत बैल भरून निघालो. डब्यात समोरच्या बाईंनी विचारलं, दुकानाचा माल का? बायकोनं उत्तर दिलं, "नाई, जनावरं हायेत." त्या बाईंनी पाय वर घेतले. मग खोकं उघडून दाखवावं लागलं, आणि नागपूर सुटायच्या आत अर्ध्या डब्यानं बैलांच्या माना हलवून पाहिल्या.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इमारतीच्या खाली, गाड्या लावतात तिथं, दोन खांबांमध्ये आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. मुलं आपापला बैल ट्रेवर, पाटावर, एक जण तर पुस्तकावर ठेवून ओळीनं उभी राहिली. पवनीचे आजोबा धोतर नेसून, टोपी घालून आले. आम्ही त्यांना पहिल्यांदाच समोरासमोर पाहत होतो. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बायकोला म्हणाले, "वैनी, झूल तुमीच केली ना? पाहूनच समजते."

आमच्याकडे तोरण तोडून बैल सोडण्याआधी झडत्या म्हणतात. यमक जुळवलेल्या ओळी असतात, मोठ्यानं म्हणायच्या, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून गर्जना करायची. आजोबांनी हात वर केला आणि तिथल्या तिथं जुळवलेली झडती म्हटली:

"बैल आमचा पुठ्ठ्याचा, खात नाई चारा,
पुन्याच्या लोकायनो, काढा बोजारा!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला!"

आम्ही तिघं ओरडलो, "हर हर महादेव!" मुलं आधी दचकली, मग त्यांनाही जोर चढला. वरच्या गॅलऱ्यांत माणसं येऊन उभी राहिली.

आजोबा म्हणाले, "अजून कोनाले येते झडती?"

आणि गर्दीतून माझा मुलगा पुढं झाला. कार्यालयातून घाईनं आलेला, गळ्यात ओळखपत्राची पट्टी अजून तशीच. लहानपणी आमच्या गल्लीत त्याच्याइतकी खणखणीत झडती कोणाची नसायची. मला वाटलं होतं, तो ते विसरला. त्यानं छाती भरून घेतली आणि एक, मग दुसरी, मग तिसरी झडती म्हटली. एकीत तर त्यानं चौकीदाराच्या खोलीतल्या पार्सलांनाही ओढलं. चौकीदार सगळ्यांत मोठ्यानं हसला. नात तोंड उघडं ठेवून बापाकडे पाहत होती.

"बाबा, तुम्ही आबांसारखं बोलता?"

"मंग? मी कोनाचा पोट्टा हाओ?"

सून म्हणाली, "इतक्या वर्षांत माझ्याशी कधी असं बोलला नाहीत." मुलगा लाजला. बायकोनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती, पण डोळे पाण्यानं भरले होते. मग ती निरांजन घेऊन ओळीनं एकेका पुठ्ठ्याच्या बैलाला ओवाळत गेली, दर वेळी तेवढ्याच श्रद्धेनं, ज्योत बेगडाला लागू नये म्हणून हात आडवा धरून. कपाळावर चांद असलेल्या बैलाजवळ ती थांबली आणि मला म्हणाली, "याचा फोटो काढा. घरी मालकाले दाखवा लागन."

तो फोटो मी परत आल्यावर त्याला दाखवला. तो फोटो मोठा करून पाहत म्हणाला, "पुन्याचं पानी मानवलं त्याले."

त्यानंतर मी दर सणाला काहीतरी करतो. संक्रांतीला तिळगुळाचा डबा उघडणारं कार्ड केलं, दिवाळीला फिरणारं भुईचक्र. पवनीचे आजोबा मला फोनवर सांगतात कोणतं कार्ड मुलांना आवडलं आणि कोणतं नुसतं सभ्यपणे घेतलं. संक्रांतीचं दुसऱ्या प्रकारात गेलं.

नातू आता पहिलीत आहे. या उन्हाळ्यात त्यानं फोन करून जाहीर केलं की बैल आता त्याच्याकडे पुष्कळ झाले. पुढच्या वेळी जेसीबी पाहिजे. हात वर होणारा, खाली येणारा आणि माती उचलणारा.

बायको म्हणाली, "आता जेसीबीले ओवाळू का मी?"

"ओवाळजो. माती त तोही काढते."

पण जेसीबीचा हात नेमका कुठून कुठून वळतो, हे मला कळेना. चित्रात पाहून ते समजत नाही. गावाबाहेरच्या बोडीतला, म्हणजे लहान तळ्यातला, गाळ काढायचं काम सुरू होतं, तिथं मी सकाळी सायकलनं गेलो. बांधावर उभा राहून पाहत राहिलो, शर्टाचा पुठ्ठा आणि पेन्सिल हातात. बराच वेळ झाला तसा चालकानं यंत्र थांबवलं आणि डोकं बाहेर काढलं.

"आबाजी, काय पाहून राहिले? गाळ पायजे का वावरात?"

"गाळ नोको रे बापा. त्याचा हात कोठून वळते, तेच पाहून राहिलो. नातवाले कार्ड बनवाचं हाय."

त्याला काय समजलं कोण जाणे. पण तो परत आत बसला, आणि त्या कोरड्या बोडीत, मला नीट काढता यावं म्हणून, तो भलामोठा पिवळा हात एकदम सावकाश वर नेऊ लागला. मधल्या सांध्यापाशी थांबला. माझ्याकडे पाहिलं. मी पेन्सिल वर करून खूण केली, तेव्हा पुढं गेला.